कुळथाचे कळण

वकिलीत वीस वर्षे काढल्यावर माणसाला एक खोड जडते. दुसऱ्याच्या घरातील भांडण त्याला अगदी स्वच्छ दिसते, आणि स्वतःच्या घरातील भांडणाला तो 'तत्त्वाचा प्रश्न' म्हणू लागतो. माझेही असेच झाले होते. वाटणीच्या दाव्यात सापडलेल्या किती भावांना मी समोर बसवून समजुतीच्या गोष्टी सांगितल्या असतील याची गणती नाही. परंतु 2018 सालच्या कार्तिकात माझी आई गेली आणि दोन वर्षांनी तिच्या इस्टेटीची इन्व्हेंतारी सुरू झाली, तेव्हा मला स्वतःला सांगण्यासाठी एकही समजुतीची गोष्ट आठवली नाही. माझा थोरला भाऊ आणि मी एकमेकांशी बोलेनासे झालो.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. 1961 साली पोर्तुगीज सत्ता गेली, तरी 1867 चा त्यांचा दिवाणी कायदा आमच्या कौटुंबिक व्यवहारांपुरता मागे राहिला. वारसा आणि वाटणी यांविषयीचा भाग पुढे गोवा विधानसभेच्या 2012 च्या कायद्यात नव्याने मांडण्यात आला आणि तो 2016 पासून लागू आहे. माणूस गेला की त्याच्या मालमत्तेची यादी कोर्टापुढे ठेवावयाची, प्रत्येक वस्तूला अनुक्रमांक आणि किंमत द्यावयाची, आणि एकमत न झाल्यास वारसांनी आपापसांत बोली लावावयाची. ज्याची बोली मोठी, त्याला ती वस्तू मिळते. इतरांच्या हिश्श्याची रक्कम त्याने भरून द्यावयाची असते. नवराबायकोंची मालमत्ता सामाईक धरली जात असल्यामुळे वारसांच्या बायकाही या कामात पक्षकार होतात. म्हणजे माझी वहिनी, जिने लग्न होऊन आल्यापासून मला पाठच्या भावासारखे जेवू घातले, तीही कागदोपत्री माझी प्रतिपक्षी झाली होती.

तंटा घराचा आणि घरामागच्या कुळागराचा होता. त्याच्या तपशिलात शिरत नाही. तपशिलात दोघांनाही आपापली बाजू खरी वाटत होती, एवढे म्हणणे पुरे. आपली केस आपण चालवू नये, या धंद्यातील जुन्या शहाणपणाला अनुसरून मी एका सहकाऱ्याला वकीलपत्र दिले. त्यांनी पहिला सल्ला दिला तो असा : "यापुढे भावाशी तोंडी बोलू नका. बोललेल्या शब्दाला पुढे पाय फुटतात." हा सल्ला मीही शेकडो पक्षकारांना दिलेला होता. मी तो पाळला. सोमवारच्या पालखीला आम्ही दोघेही जात असू. दादा सभामंडपाच्या उजव्या बाजूला उभा राही, मी डाव्या बाजूला. पालखी मधून जाई. देवाला दोन्ही बाजू दिसत असतील. आम्ही मात्र समोर पाहण्याचे टाळत असू.

अशी तीन वर्षे गेली.

2023 सालच्या आषाढातील गोष्ट. पाऊस नुसता कोसळत होता. पत्नी बेळगावला माहेरी गेली होती. माझ्या सासऱ्यांवर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. घरात मी आणि बारा वर्षांची मुलगी. तिला चार दिवस ताप येऊन गेला होता, तोंडाला चव नव्हती. खानावळीतून आणलेले जेवण तिने बाजूला सारले. काय खाशील म्हणून विचारले, तर म्हणाली, "आजीचें कळण."

आई गेली तेव्हा ही मुलगी सात वर्षांची. आजीचा चेहरा तिला फोटोवरून आठवत असेल. कळण मात्र तिला जिभेवरून आठवत होते.

कळण म्हणजे काय हे कोकण-गोव्यातील वाचकांना सांगावयास नको. कुळीथ भरपूर पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवावयाचे, ते तांबूस-तपकिरी दाट पाणी निवळून घ्यावयाचे, आणि त्याला लसणीची फोडणी देऊन आंबट घालावयाचे. उकड्या तांदळाच्या भातावर ते ओतून घ्यावे, किंवा नुसतेच वाटीने प्यावे. उरलेल्या दाण्यांचे तोणाक होते. घाटावर या धान्याला हुलगा म्हणतात, बेळगावकडे कानडी शेजाऱ्यांच्या तोंडून हुरळी ऐकू येते, आणि हैदराबादेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना तेलुगू लोकांचे उलवचारू ठाऊक असेल. तेही याच्याच पाण्याचे, पण आटवून आटवून काकवीसारखे केलेले आणि वर साय घालून खावयाचे. उत्तरेकडे कुमाऊँच्या डोंगरात हेच धान्य गहत या नावाने शिजते. संस्कृतात ते कुलत्थ. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत मुतखड्यावर त्याची महती गायिलेली आहे. कर्नाटकातील नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननातही कुळथाचे जळके दाणे सापडले आहेत. म्हणजे हा पाहुणा आपल्या चुलीवर निदान चार हजार वर्षे आहे.

इतके असूनही त्याला प्रतिष्ठा अशी कधी लाभली नाही. आमच्या देवळाच्या संतर्पणात मुगागाठी असते, खतखते असते, सोलकढी असते. कुळथाला त्या पानात मी कधी पाहिले नाही. आमच्या घरच्या नैवेद्यातही तो नसे. भाताचे पीक निघाल्यावर शेतात जी ओल उरते तिच्यावर हे पीक येते. त्याला खत नको, पाणी नको, कौतुक नको. कित्येक ठिकाणी नांगराच्या बैलांसाठी म्हणून कुळीथ शिजवीत आणि दाणे बैलांपुढे ठेवून पाणी माणसांसाठी चुलीवर चढवीत. इंग्रजांनी त्याला घोड्याचे कडधान्य म्हटले. शंभर ग्रॅम सुक्या कुळथात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात, हे आहारशास्त्र आता सांगते. बैलाच्या खांद्याला ते आधीपासूनच ठाऊक होते.

असो. मुलीने कळण मागितले, आणि मी ते करावयाचे ठरविले. मला चहापलीकडे काही येत नव्हते. परंतु ज्याने पोर्तुगीज भाषेतील जुनी खरेदीखते वाचून काढली, त्याला एक कडधान्य शिजविता येऊ नये असे मला वाटले नाही.

बाजारातून अर्धा किलो कुळीथ आणले आणि एक वाटी ताटात निवडावयास घेतले. कुळथाचा खडा कुळथाच्याच रंगाचा आणि बहुधा त्याच्याच आकाराचा असतो. कसलेल्या खोट्या साक्षीदाराप्रमाणे तो खऱ्यांत बेमालूम मिसळून बसतो. तीन खडे काढले. धान्य रात्रभर भिजत घातले, सकाळी कुकरात शिजविले, आणि बटाट्यांचे पाणी ओतून देतात तसे वरचे पाणी मोरीत ओतून दिले. मग पातेल्यात उरलेल्या दाण्यांकडे पाहत उभा राहिलो, की आता यातून कळण कसे निघावयाचे!

मुलगी दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "बाबा, कळण तर तुवें उडयलें!"

मला एकदम आईचा आवाज आठवला. आमच्या लहानपणी कुळथाचे भांडे उतरविले की ती हमखास म्हणे, "उदक उडोवं नाका रे." दादा आणि मी भांडे कलते धरावयास मदत करीत असू, एकाच्या हातात फडके, दुसऱ्याच्या हातात खालचे पातेले. ते वाक्य मी पंधरा वर्षे ऐकले आणि त्याचा अर्थ त्या सकाळी मोरीपाशी मला कळला.

दुसरी वाटी निवडून लगेच भिजत घातली आणि संध्याकाळी कोर्टातून आल्यावर पुन्हा चुलीपाशी उभा राहिलो. या खेपेस पाणी ओतावयाचे नाही, हे पक्के होते. परंतु वेळ वाचावा म्हणून मीठ, मिरची, लसूण, आमसुले असे सर्व काही एकदम कुकरात घातले. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या. झाकण काढले तो दाणे कडकच. पाणी काळसर, पातळ आणि आंबट. मुलीने एक घोट घेतला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की आईवेगळ्या पोराचे ढोंग करण्याची संधी तिने साधली असती, तर मी निरुत्तर झालो असतो.

पत्नीला विचारावे, तर ती इस्पितळात वडिलांच्या उशाशी. शिवाय तिचे सार बेळगावच्या पद्धतीचे. ते उत्तम असते, पण ते आजीचे कळण नव्हे. आजीचे कळण कसे होते, हे जगात आता एकच व्यक्ती सांगू शकत होती. तिने अठरा वर्षे आईच्या शेजारी उभी राहून तीच चूल सांभाळली होती. ती व्यक्ती इन्व्हेंतारीच्या कागदात दादाच्या नावाखालीच, त्याची पत्नी म्हणून नोंदलेली होती. पुढच्याच गुरुवारी बोलीची तारीख होती.

रात्री नऊच्या सुमारास मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. असे दोनदा झाले. पहिला फोन कोणी केला, याला भांडणात किती अर्थ चिकटतो, हे वकिलाला वेगळे सांगावे लागत नाही. बोलीच्या आधी आठवड्याने प्रतिपक्षाचा फोन आला, तर मी माझ्या पक्षकाराला काय सांगितले असते? "नमते घेत आहेत. ताणून धरा." हेच सांगितले असते. मी स्वतःलाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून पाहिले. तीन वर्षांत मुलीची परीक्षा झाली, दादाच्या गुडघ्याचे दुखणे निघाले, एक चुलत आत्या गेली. एकदाही फोन केला नाही, आणि आज आमसुलांसाठी करणार? या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तरीही फोन केला.

दादानेच उचलला. पलीकडे पावसाचा आवाज होता. पागोळ्या पडवीच्या कोणत्या टोकाला पडत आहेत, हे मला इकडे डोळ्यांपुढे दिसत होते. "कोण?" असे त्याने विचारले नाही. रात्रीच्या वेळी आमच्याकडे नातलगाचा फोन बहुधा एकाच कारणासाठी येतो. तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "भुरगें बरें आसा मरे?"

मूल बरे आहे ना? तीन वर्षांनंतरचे त्याचे पहिले वाक्य हे होते. माझ्या सहकाऱ्याने बजावले होते ते खरे ठरले. बोललेल्या शब्दाला पाय फुटतात. ताणून धरण्याचा सल्ला देणारा माझ्यातला वकील त्या एका वाक्यापुढे उभा राहू शकला नाही. मुलगी बरी आहे, ताप उतरला आहे, फक्त कळण मागते आहे, असे मी कसेबसे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग फोन वहिनीकडे गेला.

वहिनी अशी बोलली की जणू आदल्याच दिवशी आमचे बोलणे अर्धवट राहिले होते. तिने इकडचे तिकडचे काही विचारले नाही. जिरह करावी तशी नेमकी विचारणा केली : किती वेळ भिजविले, पाणी किती, आणि "सोलां केन्ना घालीं तुवें?" पहिल्यापासून घातली म्हणताच ती हसली. "सोलां निमाणीं घालपाचीं," ती म्हणाली. पाण्यात आंबट पडले की कडधान्य मऊ होत नाही, दाणा हट्टाला पेटतो, कितीही जाळ घातला तरी. हे शास्त्र तिला आईने शिकविले होते, आणि आईला तिच्या सासूने. पुढे मी चौकशी केली, तेव्हा ते खरोखरच शास्त्र निघाले. आंबट पाण्यात दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारा चिकट भाग विरघळत नाही, म्हणून दाणा कडक राहतो.

तिने जी कृती सांगितली ती येथे देतो. कोणा वाचकाला उपयोगी पडेल. एक वाटी कुळीथ निवडून, धुऊन, रात्रभर, निदान आठ-दहा तास भिजवावे. आठ वाट्या पाण्यात चढवावे. कुकर असेल तर शिट्ट्यांनंतर मंद जाळावर अर्धा तास, मोकळ्या भांड्यात दोन-अडीच तास. दाणा दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे. पाणी निवळून घ्यावे. ते निम्म्यावर आलेले असते. शिजलेल्या कुळथातून एक दवली दाणे घेऊन वाटावे आणि ते वाटण पाण्यात कालवावे, म्हणजे कळणाला अंग येते. मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून उकळी आणावी. जाळ बंद करण्याच्या बेतात चार-पाच आमसुले टाकावी. नंतर लोखंडी पळीत दोन चमचे खोबरेल तापवून, आठ-दहा पाकळ्या लसूण सालासकट ठेचून तांबूस होईपर्यंत परतावी, तीन सुक्या मिरच्या मोडून घालाव्या, आणि ती फोडणी कळणावर ओतून लगेच झाकण ठेवावे. झाकण मात्र वाढण्याच्या वेळेपर्यंत काढू नये. आई ते काढू देत नसे.

शेवटी वहिनी म्हणाली, की कुकरात आईची चव यावयाची नाही. आई निजण्यापूर्वी मातीच्या कुंडल्यात कुळीथ घालून ते चुलीतल्या निखाऱ्यांवर ठेवीत असे. सकाळपर्यंत ते आपल्या आपण शिजत असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुळागरात कामाला येणारा माणूस माझ्या कचेरीत एक पिशवी ठेवून गेला. तीत घरच्या शेतातले दोन किलो कुळीथ होते, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले आईचे कुंडले.

आता गंमत अशी, की वारसांच्या संमतीवाचून इस्टेटीतील जंगम वस्तू बाहेर नेता येत नाही. मी सवयीने यादी काढून पाहिली. 'तांब्यापितळेची भांडी, जुनी' असा एक अनुक्रमांक होता. रगडा होता, दोन पाट होते, आईची पेटी होती. कुंडले कोठेच नव्हते. मूल्य ठरविणाऱ्याला त्याची किंमत शून्य वाटली असणार. आम्हा दोघा भावांनी त्या यादीवर ओळ न् ओळ हरकती घेतल्या होत्या. हे राहून गेले आहे, असे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते.

त्या रात्री विस्तवाची सोय नव्हती. गॅसच्या अगदी बारीक ज्योतीवर लोखंडी तवा ठेवून त्यावर कुंडले ठेवले आणि त्याच्याशेजारी मी फायली वाचीत बसलो. तीन तास लागले. मुलीने दोन वाट्या कळण प्यायले आणि भातावर आणखी घेतले. आजीसारखे झाले काय, असे मी विचारले. ती खोटे बोलत नाही, म्हणाली, "थोडेंशें."

रविवारी कुंडले परत करावयास म्हणून घरी गेलो. रिकामे भांडे परत करू नये, अशी आमच्याकडे रीत आहे, म्हणून त्यात कळण होते. पायरीशी चपला काढताना मला पाहुण्यासारखे वाटले, याचे दुःख झाले. दादा पडवीत बसला होता, गुडघ्याला पट्टा बांधून. त्याचे केस इतके पिकले असतील असे मला वाटले नव्हते. पालखीच्या वेळी मी त्याच्याकडे नीट पाहिलेच नव्हते. वहिनीने पाने घेतली. कळण, उकड्या तांदळाचा भात, पापड, मिठात घातलेली तोरे. दादाने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाला, "मीठ उणें."

मी मीठ वाढले. इतकेच आमचे बोलणे झाले. कोर्टाचा विषय कोणी काढला नाही.

कळणाने तंटा मिटला असे मी लिहिले, तर ती खोटी साक्ष होईल. गुरुवारी आम्ही बोलीची तारीख पुढे मागून घेतली, एवढेच. त्यानंतर आठ महिने गेले. दोन्हीकडच्या वकिलांच्या सहा बैठका झाल्या, एकदा पुन्हा आवाज चढले, एकदा मी अर्ध्यातून उठून गेलो. अखेर 2024 च्या चैत्रात बोलीशिवाय वाटणी झाली. घर दादाकडे राहिले. कुळागराचा ओढ्याकडचा भाग माझ्याकडे आला. हिश्श्याचा फरक तो हप्त्यांनी देतो आहे, आणि मी त्याची पावती देतो, कारण पावती देणे चांगले. माझ्या मते मला थोडे कमी मिळाले. त्याच्या मते त्याने थोडे जास्त दिले. दोघांचेही मत अद्याप बदललेले नाही.

परंतु आता दरवर्षी कुळीथ निघाला की माझ्या वाट्याची पिशवी येते. ती वाटणीपत्रात नाही. मी ती निवडावयास बसतो, आणि मुलगी खडे शोधण्यात मला हरविते. त्या दिवशी आमच्या घरी पाणी ओतून दिले जात नाही.